बालविभागातला मे महिना

एप्रिलअखेर परीक्षा आटोपतात आणि मेच्या पहिल्या आठवड्यात आमच्या वाचनालयाच्या बालविभागात आईवडिलांची वर्दळ सुरू होते. आईवडिलांची म्हणते, मुलांची नाही. मुलं खाली सायकलवर असतात, नाहीतर कुठल्यातरी शिबिराला, नाहीतर घरी मोबाइल घेऊन लोळत. आई टेबलापाशी येते, वर्गणीचे पैसे मोजते आणि सांगते, “काकू, चौथीतून पाचवीत गेलाय. काहीतरी चांगलं द्या. संस्कार होतील असं.” मी विचारते, “त्याला काय आवडतं?” यावरचं उत्तर मला आता पाठ झालंय. “काही आवडत नाही हो त्याला, म्हणून तर आले.”

काहीच न आवडणारं मूल माझ्या पाहण्यात नाही. गोष्टी न आवडणारी पुष्कळ पाहिलीत. जाड पुस्तकाला घाबरणारी, बारीक टाइप बघून तोंड फिरवणारी, शाळेत वाचून दाखवायला उभं केल्यावर पोरं हसली म्हणून पुस्तकावर रुसलेली, अशीही पाहिलीत. पण प्रत्येकाच्या डोक्यात काही ना काही घोळत असतंच. म्हणून हल्ली मी आवडीनिवडी विचारत नाही. सध्या दिवसभर कशाच्या मागे असतो, घरात कशावरून बोलणी खातो, हे विचारते. मग आया मोकळेपणाने बोलतात. दिवसभर मुंग्यांच्या वारुळाशी बसतो. क्रिकेटचे आकडे तोंडावर फेकतो. कुत्र्यांना घरात आणते. भुताखेतांचं काहीबाही बघतो आणि रात्री दिवा मालवू देत नाही. पुस्तक शोधायला एवढं पुरतं.

असाच एक सहावीतला मुलगा. तो स्वतः आला होता, हे त्याचं नशीब. आई माझ्याशी बोलत होती आणि हा संदर्भाच्या कपाटातलं रेल्वेचं जुनं टाइमटेबल काढून उभ्याउभ्याच वाचायला लागला होता. बोट एका रकान्यावरून सावकाश खाली सरकत होतं. मध्येच थांबायचं, पान उलटायचं, पुन्हा मागे यायचं. कोयना एक्स्प्रेस कराडला कधी पोचते ते त्याने पाहिलं, मग मिरजेला गाडी एवढा वेळ का थांबते ते मला विचारलं. मला माहीत नव्हतं, त्याने दयेने माझ्याकडे पाहिलं. आई शेजारीच उभी राहून सांगत होती की हा पुस्तक म्हणून हातात धरत नाही. आणि तो तर छापलेल्या कागदातलं सगळ्यात किचकट असं काहीतरी बिनबोभाट वाचत होता.

त्याला मी जूल व्हर्नच्या ‘ऐंशी दिवसांत जगाची सफर’चं मराठी रूपांतर दिलं. त्या कादंबरीचा नायक फिलियस फॉग प्रवासाला निघताना काखेत रेल्वे आणि आगबोटींचं वेळापत्रकच मारून निघतो. सगळी गोष्ट गाड्या गाठण्यावर आणि चुकण्यावर बेतलेली आहे. शिवाय फॉगसाहेब मुंबईत गाडीत बसतात, कल्याणवरून, बऱ्हाणपुरावरून पुढे जातात आणि वाटेत रूळच संपतात, तेव्हा हत्ती विकत घ्यावा लागतो. मुलगा चार दिवसांनी पुस्तक घेऊन आला आणि म्हणाला, “काकू, हे रूळ संपतात ते कोलबी स्टेशन कुठेच नाहीये. मी शोधलं.” मी म्हटलं, लेखकाने बनवलंय ते. तर त्याला ते पटेना. खरी स्टेशनं घेऊन त्यात एकच खोटं का घालायचं? कादंबरी म्हणजे काय, हा प्रश्न इतक्या नेमकेपणाने मला कुणी विचारला नव्हता. पुढचं पुस्तक त्याने स्वतः निवडलं.

आता संस्काराचं बोलू, कारण मे महिन्यात सगळ्यात जास्त मागणी त्याला असते आणि त्या नावाखाली सगळ्यात जास्त मागितलं जाणारं पुस्तक म्हणजे ‘श्यामची आई’. साने गुरुजींनी ते १९३३च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात बहुतांशी लिहिलं, १९३५ साली ते छापून आलं आणि तेव्हापासून मराठी घरांत ते मुलांना दिलं जातंय. पुस्तक थोरच आहे. पण नऊ वर्षांच्या मुलाला ते एकट्याने, मुकाट्याने, दुपारच्या उकाड्यात वाचायला बसवणं म्हणजे त्या पुस्तकावरही अन्याय आहे. त्यात कोकणातलं जुनं घर आहे, व्रतवैकल्यं आहेत, सावकार आहे, गरिबी आहे, शेवटी आईचा मृत्यू आहे. आजच्या मुलाला दर पानाला कुणीतरी जवळ लागतं.

आणि पुस्तकाची रचना नीट बघितली तर गुरुजींनीही हेच धरलेलं आहे. त्यात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. आश्रमातले सोबती संध्याकाळी गोळा होतात आणि श्याम एकेक आठवण सांगतो. पहिली रात्र, दुसरी रात्र, असं करत बेचाळिसाव्या रात्रीपर्यंत. ते ऐकायचं पुस्तक आहे, रोज थोडं. आपली सुट्टी साधारण मेच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंत; विदर्भात उन्हामुळे शाळा आणखी उशिरा उघडतात. बेचाळीस रात्री त्यात छान मावतात. जेवणं झाल्यावर घरातल्या कुणीतरी एक रात्र मोठ्याने वाचावी, थांबावं, आणि बोध विचारू नये. पोहायला जायचं टाळण्यासाठी माळ्यावर लपून बसलेला श्याम मुलांना लगेच कळतो. तो आदर्श मुलगा नाहीच, चांगला भित्रा, हट्टी, आईचा मार खाणारा आहे. ‘बघ, श्याम कसा होता, नाहीतर तू’ असं म्हटलं की मात्र पुस्तक तिथेच मिटतं. संस्कार होणार असतील तर ते होऊ द्यावेत, त्यांची आगाऊ नोंदणी कशाला?

वयाच्या गटांचंही तसंच. ‘वयोगट आठ ते दहा’ ही छापील पट्टी दुकानदाराच्या सोयीची. मला तिचा राग नाही, कपाटं लावायला उपयोगी पडते. प्रथम बुक्सने २०१५ साली ‘स्टोरीवीव्हर’ सुरू केलं, त्यावर मराठीसह कितीतरी भाषांतली पुस्तकं मोफत वाचता येतात, तिथेही पुस्तकांच्या पातळ्या ठरवून दिल्यात. पण पातळी वाचनाची असते, वयाची नव्हे, आणि हल्ली या दोन गोष्टींत जी फट पडली आहे ती आमच्या बालविभागातली सगळ्यात मोठी अडचण आहे.

इंग्रजी शाळेत जाणारं अकरा वर्षांचं मराठी मूल डोळ्यासमोर आणा. बोलायला फाकडू. आजीशी भांडताना एकही इंग्रजी शब्द वापरत नाही. पण देवनागरी वाचायला दिलं की ‘आश्चर्य’पाशी गाडी अडते. रफार कुठल्या अक्षराचा, ‘ज्ञ’ की ‘क्ष’, सगळा घोळ. पानाचा आकडा मराठीत असला तर ‘४७’ बघून माझ्याकडे बघतं, आणि मी सत्तेचाळीस म्हटलं तर आणखीच गोंधळतं. या मुलाला काय द्यायचं? त्याच्या वाचनाच्या वेगाला साजेसं म्हणून मोठ्या टाइपातलं चिऊकाऊचं पुस्तक पुढे केलं तर त्याचा अपमान होतो आणि तो बरोबरच आहे. त्याच्या डोक्यात गुप्तहेर, अंतराळयानं आणि खून चाललेले असतात. त्याच्या बुद्धीला साजेसं पुस्तक द्यावं तर दोन पानांत दम लागतो. मग आई म्हणते, राहू दे, इंग्रजीच दे. तिथे मराठी पुस्तकाशी त्याचा संबंध बहुधा कायमचा संपतो.

यावर माझ्यापुरते काही तोडगे मला सापडलेत. ‘चिंटू’ हा पहिला. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी १९९१ साली वर्तमानपत्रातून सुरू केलेल्या या चित्रमालेचे संग्रह मिळतात. एका चित्रात एखाददुसरं वाक्य, तेही घरात बोलतो तसं. अडलं तर चित्र सांगतं. आणि विनोद कळला नाही तर मूल पुन्हा वाचतं, हे महत्त्वाचं. ‘चिंटू’ म्हणजे काही वाचन नव्हे, असं म्हणणाऱ्या वडिलांना मी अजून एक संग्रह त्यांच्यासाठी देते.

दुसरा तोडगा विंदा करंदीकर. ज्ञानपीठ मिळालेल्या या कवीने मुलांसाठी जे वेड्यासारखं लिहिलंय, ‘राणीची बाग’ म्हणा, ‘एटू लोकांचा देश’ म्हणा, त्यात ओळी आखूड आहेत, ताल पक्का आहे आणि तर्क उलटा आहे. यमक आधीच कानाला कळतं, त्यामुळे अडखळणारं मूल पुढचा शब्द ओळखून वाचतं. ही लबाडी चालते. वाचायला शिकणं म्हणजे बरंचसं ओळखणंच असतं.

तिसरा, माधुरी पुरंदरे. त्यांच्या पुस्तकांतली मुलं उपदेश ऐकायला जन्माला आलेली नाहीत. ‘राधाचं घर’ लहानांसाठी, ‘यश’ची पुस्तकं त्याच्या जरा पुढची. आणि त्यांनी संपादित केलेले ‘वाचू आनंदे’चे भाग तर प्रत्येक वाचनालयात चारदोन प्रती ठेवाव्यात असे आहेत. बालगट आणि कुमारगटासाठी निरनिराळ्या लेखकांचे निवडक उतारे, चित्रांसकट. मी ते चाखायला देते. त्यातला एखादा उतारा मुलाला धरतो, तो कुठल्या पुस्तकातला असं विचारत ते येतं, आणि मग आमच्या कपाटात ते पुस्तक आहे की नाही याची धावाधाव होते.

आणि चौथा, जो आईवडिलांना सगळ्यात जड जातो: वाचून दाखवा. अकरा वर्षांच्या घोड्याला? हो, घोड्यालाच. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे घ्या. फुरसुंगीचा बनेश फेणे, त्याची सायकल, त्याचं ते ट्टॉक. पहिली वीस पानं तुम्ही वाचा आणि बन्या संकटात सापडला की पुस्तक मिटून स्वयंपाकघरात जा. उरलेलं तो अडखळत का होईना, वाचतो. ही युक्ती मी अमेरिकेहून आलेल्या नातवंडांच्या आज्यांनाही सांगते. त्यांची सुट्टी आपली संपता संपता सुरू होते, जूनमध्ये ती पोरं येतात, तेव्हा बालविभाग ओस असतो आणि पुस्तकं मोकळी असतात. तिथल्या मराठी शाळांत शिकलेल्या अक्षरओळखीवर दोन महिन्यांत पुष्कळ काही होतं, आजीचा घसा साथ देत असेल तर.

पुस्तक अवघड आहे की नाही हे बघायची एक सोपी रीत शाळांतून सांगतात. कुठलंही पान उघडायचं, वाचायला लागायचं, न कळलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट दुमडायचं. पाचही बोटं मिटली की पुस्तक सध्या बाजूला. रीत बरी आहे, मुलांना खेळ म्हणून आवडते. पण मराठीत ती जपून वापरावी लागते, कारण बोलीभाषेतलं पुस्तक पहिल्याच पानावर मूठ वळवतं आणि तिसऱ्या पानापासून सरसर वाचता येतं. शिवाय वेड लागलेल्या मुलाला बोटं मोजायची गरज नसते. डायनोसॉरची नावं घडाघडा म्हणणाऱ्या पोराला ‘कार्यक्रम’ वाचता येत नाही, हे मी रोज पाहते.

माकडांच्या नादी लागलेल्या एका मुलीची गोष्ट सांगते. सातवीतून आठवीत गेलेली. गच्चीवर येणाऱ्या वानरांच्या टोळीची ती वही ठेवायची, कोण म्होरक्या, कुणाला पिल्लू झालं. तिला मी व्यंकटेश माडगूळकरांचं ‘सत्तांतर’ दिलं. वानरांच्या टोळीवरची ही छोटी कादंबरी, तिला १९८३ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेला आहे, आणि ती बालसाहित्य म्हणून लिहिलेली नाही. टोळीवर ताबा मिळवणारा नवा नर आधीची पिल्लं मारतो, हे त्यात आहे. माडगूळकर ते सरळ सांगतात, कुठे हळहळत नाहीत. पुस्तक द्यायच्या आधी मी तिला हे सांगितलं. आत पिल्लं मरतात. वाचवलं नाही तर परत आण. आईलाही सांगितलं, तिचा चेहरा पडला.

मुलगी आठवडाभराने आली. वही बरोबर होती. तिच्या टोळीतलं एक पिल्लू फेब्रुवारीपासून दिसत नव्हतं आणि कुत्र्याने नेलं असेल असं तिने लिहून ठेवलं होतं. त्या ओळीपुढे आता पेन्सिलीने प्रश्नचिन्ह होतं. रडलीस का, म्हणून मी विचारलं नाही. तिने विचारलं, हे त्यांना कसं कळलं, ते किती दिवस बघत बसले होते? मग आम्ही जंगलावरच्या पुस्तकांच्या कपाटाशी गेलो. पुस्तक मुलाला झेपेल की नाही, हे मृत्यू किंवा क्रौर्य आहे का यावर ठरत नाही. लेखक वाचकाला खोटं सांगतोय का आणि मुलाला त्या विषयाची आधीपासून ओढ आहे का, यावर ठरतं. बाकी, भुताच्या गोष्टी मागणाऱ्याला त्या द्याव्यात. रात्री दिवा जळेल, तेवढं वीजबिल भरावं.

निवड मुलाने करावी, हा काही माझाच हट्ट नाही. रिचर्ड अ‍ॅलिंग्टन आणि अ‍ॅन मॅक्गिल-फ्रँझन यांनी अमेरिकेत फ्लोरिडातल्या गरीब वस्त्यांतल्या शाळांमध्ये एक प्रयोग केला, तो २०१०मध्ये प्रसिद्ध झाला. सुट्टी लागण्याआधी पुस्तकांचं प्रदर्शन मांडायचं, मुलाने त्यातली आपल्याला हवी ती बारा पुस्तकं निवडायची आणि ती त्याचीच. असं सलग तीन उन्हाळे. शिकवणी नाही, अभ्यास नाही. ज्यांना पुस्तकं मिळाली त्यांचं वाचन इतरांपेक्षा सरस निघालं. मुलांनी उचललं काय होतं, तर गाणारे, खेळाडू, टीव्हीवरचे चेहरे. म्हणजे आपल्याकडच्या आयांनी ‘हे नको’ म्हणून परत ठेवायला लावलं असतं, तेच.

म्हणून मोठ्यांना काही काम उरत नाही, असं मात्र नाही. मूल कशातून निवडणार, हे आपणच ठरवतो. प्रदर्शनातून ‘शंभर रुपयांत पाच’ असे पंचतंत्र, बिरबल, तेनालीरामचे गठ्ठे आणून ठेवले तर निवड त्यातूनच होणार. अशा पुस्तकांना माझी एक कसोटी आहे: आत चित्रकाराचं नाव छापलंय का ते बघा. ज्याला चित्र कुणी काढलं हे सांगावंसं वाटत नाही, त्याने मजकूर कुणी लिहिला, मुद्रितं कुणी तपासली याची काळजी घेतलेली असणं कठीण. मग एक पान मोठ्याने वाचा. वाक्य जिभेवर अडकलं, तर मुलाच्याही अडकणार. पैसे नसतील तर आणखी सोपं आहे. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१पासून निघतंय आणि जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. त्यात त्या त्या काळातले चांगले मराठी लेखक मुलांसाठी लिहिताना सापडतात.

दुसरं, ज्याने पुस्तक सुचवायचं त्याने ते वाचलेलं असलं पाहिजे. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘सुट्टीत वाचलीच पाहिजेत’ अशा याद्या फिरतात, त्या पाठवणाऱ्यांपैकी किती जणांनी त्यातली निम्मी तरी वाचली असतील, कोण जाणे. मुलाला हे लगेच कळतं. ‘चांगलं आहे’ आणि ‘त्यातला तो मगरीचा प्रसंग आला की मला सांग’ यात फरक आहे. माझ्याकडून बालविभागातली बरीच पुस्तकं अजून वाचायची राहिली आहेत, आणि जी वाचली नाहीत ती मी गप्प राहून कपाटावरच ठेवते. मूल स्वतः काढून नेईल तर नेईल.

तिसरं, अर्धवट सोडलेल्या पुस्तकावरून बोलू नये. बाईंनी सुट्टीत पाच पुस्तकं वाचून प्रत्येकाचा सारांश, आवडलेलं पात्र आणि मिळालेला बोध लिहून आणायला सांगितलंय, असं म्हणत जूनच्या पहिल्या आठवड्यात मुलं येतात. मग ती सगळ्यात पातळ पाच पुस्तकं मागतात. यात मुलांची चूक काय? मी पुस्तक परत घेताना एवढंच विचारते की कुठल्या पानावर थांबलास. तिसऱ्या पानावर थांबला तर भाषा जड होती. चाळिसाव्या पानावर थांबला तर मध्ये गोष्ट ढिली पडली असणार, आणि ती बहुधा पडलेलीच असते. मुलं टीकाकार म्हणून फार चांगली असतात, फक्त त्यांना रकाने भरायला लावू नयेत.

तेव्हा या महिन्यात वाचनालयात याल तर मुलाला बरोबर आणा. तुम्ही एकट्याने येऊन त्याच्यासाठी पुस्तक नेऊ नका. त्याला कपाटाशी अर्धा तास उभं राहू द्या, त्याने काढलेलं पुस्तक हातातून घेऊन उलटंसुलटं करून बघू नका, आणि ‘हे तर तू वाचलंयस’ असं म्हणू नका. वाचलेलंच पुन्हा न्यायचं असेल तर नेऊ द्या. त्या अर्ध्या तासात तुमचा वेळ जाणार नसेल, तर मोठ्यांचा विभाग वरच्या मजल्यावर आहे. स्वतःचंही कार्ड काढून घ्या.